गजाची खरखर

मे महिन्यातली दुपार, सदाशिव पेठेतला दुसरा मजला, पंखा तीन नंबरवर. अशा खोलीत एसएसीडी, म्हणजे सुपर ऑडिओ सीडी, लावून फिनलंडच्या सिबेलियसच्या व्हायोलिन कन्चेर्टोची (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्या रचनेची) सुरुवात ऐकणं म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर कुणाच्या कानात गुपित सांगणं. वाद्यवृंदातली व्हायोलिनं म्यूट, म्हणजे आवाज दाबणारा चिमटा, चढवून जेमतेम कुजबुजत असतात आणि त्या कुजबुजीवर एकल व्हायोलिन अलगद उतरतं. याशा हायफेट्झनं १९५९ साली शिकागोत वाजवलेलं. पंखा चालू असेल तर पहिले काही सेकंद पंख्याचंच वादन. बंद केला की घाम येतो, आणि पंखा अजून फिरतोच आहे असं वाटायला लावणारी एक बारीक ‘सूं’ ऐकू येते. ती टेपची.

जुन्या ध्वनिमुद्रणांच्या रीमास्टरिंगमधलं, म्हणजे जुन्या टेपवरून नव्यानं डिस्क काढण्यातलं, खरं भांडण या सूंवरून आहे. लोक भांडतात मात्र खोक्यावरच्या आकड्यांवरून. सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. एसएसीडी एकाच बिटाची, पण सेकंदाला नमुने सीडीच्या ६४ पट. ऐकायला भारदस्त. पण त्या काळच्या टेपवर सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात अंतर साठ-सत्तर डेसिबलचं, आणि साधी सीडी ९६ पर्यंत जाते. टेपमधलं सगळं पाणी सीडीच्या हंड्यात मावून वर चार बोटं जागा उरते. पिंप मोठं आणलं म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको.

तरीही नवी डिस्क पुष्कळदा खरंच चांगली वाजते. कारण ती काढताना कुणीतरी कपाटातून मूळ टेप शोधून काढलेली असते. ऐंशीच्या दशकातल्या अनेक सीड्या एलपी कापण्यासाठी बनवलेल्या प्रतींवरून निघाल्या. प्रतीची प्रत म्हणजे दर खेपेला थोडी सूं जास्त, थोडी धार कमी. त्यात एलपीच्या सोयीनं वरचे-खालचे स्वर आधीच वाकवलेले. शिवाय टेप वाजवताना हेडचा कोन मूळ मुद्रणाशी जुळवावा लागतो. तो किंचित चुकला तरी पहिले जातात ते वरचे स्वर, म्हणजे व्हायोलिनचा जीवच. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनमधल्या एका प्रयोगात एसएसीडीसारख्या हाय-रेझोल्यूशन डिस्कचा आवाज मध्येच सीडीच्या मापात कोंबून लोकांना ऐकवला. ५५४ वेळा विचारलं, आणि बरोबर उत्तरं निघाली छापा-काट्याइतकीच. मात्र त्या डिस्क एकूणात सीड्यांपेक्षा चांगल्या वाजतात, हेही प्रयोग करणाऱ्यांनी नोंदवलं. काळजी घेतली म्हणून, बिट वाढले म्हणून नव्हे.

आता सूं. ती काढणारं सॉफ्टवेअर आधी संगीत सुरू होण्यापूर्वीच्या शांततेचा नमुना घेतं आणि मग वारंवारतेच्या प्रत्येक पट्टीत त्या पातळीखालचं सगळं कापत जातं. अडचण अशी, की व्हायोलिनचा अर्धा स्वभाव त्याच पातळीच्या आसपास राहतो. राळ लावलेल्या गजाला तार चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. ४४० हर्ट्झचा स्वर म्हणजे हे सेकंदाला ४४० वेळा. त्यातून स्वर निघतो आणि त्याच्या कडेनं केसांची खरखरही निघते, विशेषतः गज उलटताना. तांबट आळीतल्या भांड्यावर मठाराचे ठोके दिसतात ना, तशी. ते ठोके म्हणजे दोष नव्हे, त्यांनीच पत्र्याला बळ येतं. यंत्राला मात्र खरखर आणि सूं यांतला फरक कळत नाही. चार डेसिबलवर हात आवरला तर ठीक. बारा-पंधरा काढायला गेलं, की व्हायोलिन प्लास्टिकचं होतं, सभागृहाचा घुमारा स्वर संपायच्या आत तुटतो आणि मागे काजव्यांसारखे लुकलुकणारे आवाजाचे ठिपके उरतात.

आपल्या संगीतात तर पंचाईत दुप्पट. हिंदुस्थानी वादनाच्या टेपवर शांतता असते कुठे? कलाकार गज उचलायच्या आधीच तानपुरा सुरू. त्या ‘शांततेचा’ नमुना घेतला, की यंत्र तानपुऱ्याची जवारीच, तारांचा तो झणत्कारच, गोंगाट म्हणून नोंदवून घेतं आणि पुढचा अर्धा तास ती इमानेइतबारे खात बसतं. व्हायोलिनवर वि. गो. जोग असोत की एन. राजम, गायकी अंगानं, म्हणजे गळ्यासारखी, घेतलेली मींड तानपुऱ्यावर टेकलेली असते. तानपुरा पातळ केला की ती अधांतरी लोंबते. अशा स्वच्छ आवृत्तीपेक्षा सूंसकट टेप बरी, हा हट्ट आहे आणि तो सोडायचं काही कारण दिसत नाही.

डिस्क आणलीच तर दोन गोष्टी. एक, हायब्रिड डिस्कवर एसएसीडीचा आणि सीडीचा असे दोन थर असतात आणि साधा सीडी प्लेअर फक्त सीडीचा थर वाचतो. कॉम्प्युटरचा ड्राइव्हही तेच करतो. प्लेअरच्या पाटीवर ‘एसएसीडी’ उमटलं नाही, तर ‘काय खुलून येतंय!’ ही दाद सीडीलाच जाते. दोन्ही थर ताडून बघायचे तर आवाज आधी सारखा करून घ्या. अर्धा डेसिबल चढा असलेला थर नेहमी ‘जास्त जिवंत’ वाटतो, आणि थरांच्या पातळ्या बऱ्याचदा वेगळ्या असतात. दुसरी गोष्ट गमतीची. आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या पन्नासच्या दशकातल्या अनेक टेपा तीन ट्रॅकच्या, डावा, मधला, उजवा, आणि एसएसीडीवर ते तिन्ही तसेच ठेवलेत. एकल वादक मुख्यतः मधल्यात. घरी स्पीकर दोनच आणि प्लेअर ‘मल्टी’वर (दोनाहून जास्त स्पीकरच्या सेटिंगवर) राहिला, तर वाद्यवृंद अगदी झोकात साथ करतो आणि हायफेट्झ सतरंजीखालून वाजवत असतो. महागडी केबल बदलण्याआधी सेटिंग ‘स्टिरिओ’वर आणून बघावं.

खरं म्हणजे आपले कान घडले ते आकाशवाणी पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झवर. मध्यम लहरींवर दोन केंद्रांत अंतर नऊ किलोहर्ट्झ, म्हणजे आवाजाला जेमतेम साडेचार. व्हायोलिनची सगळ्यात वरची तार मोकळी वाजवली तर ६५९ हर्ट्झ. तिचा सातवा उपस्वर ४६०० च्या पुढे, म्हणजे पुणे केंद्राच्या दारातच अडलेला. बाकीचं सगळं कान पदरचं घालून भरून काढत होते. रेडिओवर गुरुजी षड्ज लावायचे, स्वयंपाकघरात फोडणी चरचरायची आणि तरीही गज कुठे उलटला ते कळायचं.

असो. पंखा बंद, खिडकी बंद, म्यूट चढलेली व्हायोलिनं कुजबुजायला लागलेली, आणि खाली गल्लीत भंगारवाला येतो. हल्ली तो स्वतः ओरडत नाही, कर्ण्यावर रेकॉर्डिंग लावतो. फुटलेलं, नाकातलं, तीन हजार हर्ट्झच्या वर काही नसलेलं. बंद खिडकीतूनही शब्दन् शब्द कळतो. त्याचं रीमास्टरिंग अजून कुणी केलेलं नाही.