पोहता येतं, पण श्वास सोडता येतो का?

नवख्याला बुडालेल्या जहाजावर नेता का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सांगलीत राहून स्कूबा क्लबात, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणाऱ्यांच्यात आहे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘इथं कुठाय समुद्र?’ त्याला उत्तर देणं मी सोडून दिलंय. दुसरा प्रश्न मात्र खरा असतो, आणि तो बहुतेकदा वडील पोराला पुढं घालून विचारतात. ‘ह्याला पोहता झकास येतं. बुडालेल्या जहाजावर नेता का?’

नेतो. फक्त ‘पोहता झकास येतं’ हे ऐकलं की मी जरा सावध होतो.

कृष्णाकाठी झकास पोहणारा म्हणजे कोण? पुलावरून उडी टाकणारा, बुडी मारून पार लांब निघणारा, वर आल्यावर ‘किती वेळ होतो रे खाली?’ असं विचारणारा. सगळी शान दम धरण्यात. स्कूबाचा पहिला नियम नेमका उलटा आहे: श्वास रोखायचा नाही, कधीच नाही. दहा मीटर खाली दाब वरच्या दुप्पट असतो. टाकीतली हवा त्याच दाबानं छातीत येते. (टाकीत ऑक्सिजन नसतो, आपलीच साधी हवा दाबून भरलेली असते. हेही सगळ्यांना सांगावं लागतं.) तशी भरलेली छाती घेऊन, तोंड मिटून कुणी वर आलं तर तीच हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकतं. नदीत बुडी मारणाऱ्याला ही भीती नसते, कारण त्यानं दम वरच भरून घेतलेला असतो. म्हणून त्याला ती सवय जन्मभर पुरते, आणि म्हणूनच ती सुटता सुटत नाही. पोहायला बेताचं येणारी माणसं आमच्याकडं बऱ्याचदा लवकर तयार होतात. ती आधीच घाबरलेली असतात, म्हणून सांगितलेलं ऐकतात.

गेल्या हंगामात हरिपूरचा एक पोरगा आला होता. संगमावर पोहायला शिकलेला, महापुरात लोकांना बाहेर काढायला मदत केलेला. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र) तोंडात धरून तलावात उतरला आणि हातांनी सपासप पाणी कापायला लागला. इथं हातांना काम नसतं. हात पोटाशी, पाय मांडीपासून सावकाश, एवढंच. त्याची टाकी बाकीच्यांच्या कितीतरी आधी संपायची. ‘काका, मी दमलो नाही, मग हवा कशी संपली?’ म्हणायचा. दम धरून ठेवायचा, मग एकदम मोठा श्वास ओढायचा, पुन्हा धरायचा. त्याला मी बुडबुडे मोजायला लावलं. आत घेताना काही मोजायचं नाही, बाहेर सोडताना मोजायचं. आठवडाभरानं बुडबुड्यांची ओळ सलग यायला लागली, तेव्हा त्याचं नाव यादीत घातलं.

कोर्स न करता, प्रशिक्षकाचा हात धरून उतरणाऱ्याला साधारण १२ मीटरची मर्यादा असते. पहिला कोर्स झाला की १८. त्या कोर्ससाठी २०० मीटर पोहून दाखवावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगावं लागतं. वेळेची शर्यत नसते. सांगलीकराला मी हे फुटांत सांगतो. १२ मीटर म्हणजे ४० फूट, आयर्विन पुलाजवळची कृष्णेच्या पुराची इशारा पातळी. धोका ४५ ला. १८ मीटर म्हणजे जवळपास ६० फूट, २०१९ चा पूरसुद्धा ५७ च्या आसपास थांबला होता. एवढं सांगितलं की वडीलमंडळी गप्प होतात आणि पोरगं खूश होतं.

आम्ही जातो ते गोव्याला, वास्कोसमोरच्या ग्रँड बेटाजवळ. तिथलं ‘सुझीज रेक’ हे बुडालेलं जहाज नवख्याला बरं, कारण फार खोल नाही आणि फुटून पसरलेलं आहे. गोव्याचं पाणी अंदमानसारखं नितळ नाही. चांगल्या दिवशी पुरेसं दिसतं, वाईट दिवशी पुढच्या माणसाचे फिन (पायातले रबरी पंखे) दिसले तरी नशीब. अशा गढूळ पाण्यात नुसत्या वाळूवर नवखा माणूस गांगरतो, वर कुठलं आणि खाली कुठलं हेच कळत नाही. जहाजाचा पत्रा समोर असला की नजरेला धरायला काहीतरी मिळतं. म्हणून मला उलट जहाजच नवख्यासाठी सोयीचं वाटतं. या मतावर क्लबात भांडणं झालेली आहेत.

आत मात्र शिरायचं नाही. आत गेलं की डोक्यावर छप्पर येतं, सरळ वर निघायचा रस्ता बंद होतो, आणि फिनच्या एका फटक्यानं गंजाचा गाळ उठला की हाताची बोटं दिसत नाहीत. त्याचं शिक्षण वेगळं असतं. बाहेरूनही हात लावायचा नाही: पत्र्यावर कालवं बसलेली असतात, ती पात्यासारखी कापतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का, हे आम्ही निघण्याआधीच विचारतो.

हरिपूरच्या पोराला वाटत होतं खजिना दिसेल. दिसले तांबोशी माशांचे थवे आणि एक गोबरा मासा, फळीखाली ठाण मांडून बसलेला. बोटीवर त्याला गोव्याजवळच्याच दुसऱ्या जहाजाची गोष्ट सांगितली. सेंट जॉर्ज रीफवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांना जे सापडलं, तो माल होता कौलांचा. मंगळूरच्या बासेल मिशनच्या कारखान्यातली कौलं, विटा, मातीचे नळ, खांबांचे कोरीव माथे. तो कारखाना १८६५ चा. पोरगा म्हणाला, ‘म्हणजे आमच्या जुन्या घरावर होती तसली मंगलोरी कौलं?’ तसलीच. सोन्यापेक्षा त्याला हे जास्त पटलं. तरी मी बजावलं की असलं काही दिसलं तर उचलायचं नाही. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू कायद्यानं पुरावशेष ठरते, आणि कुठं पडली होती हे हरवलं की संशोधकाला तिचा निम्मा उपयोग गेला.

आता रविवारचं. आमच्या घरची माणसं विचारतात, शनिवारी डाइव्ह आटोपतात, मग रविवारी दुपारपर्यंत तिथं करता काय? मासे खातो, खोटं कशाला बोलू. पण खरं कारण घाट आहे. खोल पाण्यात अंगात नायट्रोजन मुरतो, तो हळूहळू निघतो. म्हणून मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगानं वर यायचं नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. तरी काही उरतोच. घाटात वर हवेचा दाब कमी झाला की तो उरलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन सांध्यांत, मज्जारज्जूत त्रास देऊ शकतो. डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, घाटाचं कुणी बोलत नाही. आंबोली सातशे मीटरच्या आसपास. रेल्वेनं मिरजेला यायचं तर बेळगाव साडेसातशे. सहाशे मीटरच्या वर चढायचं तर एकाहून जास्त डाइव्हनंतर १८ तास थांबावं, हा प्रचलित संकेत आम्ही पाळतो. मुंबईच्या क्लबांना किनाऱ्याकिनाऱ्यानं घरी जाता येतं, आम्हाला सह्याद्री ओलांडावा लागतो. रविवारी सकाळी ‘काका, एकच उतरू’ म्हणून पोरगा मागं लागला होता. नाही म्हणजे नाही.

तेव्हा ऑक्टोबर ते मे या हंगामात कधीही सांगा. दमा, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांचा कागद. आणि सर्दी असेल तर फोनवरच सांगा. चोंदलेल्या नाकानं कानांतला दाब सुटत नाही, तिसऱ्या मीटरलाच ठणका लागतो. बोटीवर गेल्यावर सांगितलंत तर दिवसभर बोटीवरच बसवून ठेवीन, आणि नांगरलेल्या बोटीवर बसून राहणाऱ्यालाच सगळ्यात जास्त उलट्या होतात.