सोन्याच्या गावांतले मृत: वही पुन्हा रुळावर

मंडळी, दोन महिने नोंद टाकली नाही, कारण वहीच नासली होती. जुन्यांना माहीत आहे, नव्यांसाठी सांगतो: पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या गावांत १८९२ ते १९०३ या काळात मेलेल्यांची यादी मी पर्थला बसून एक्सेलमध्ये करतोय. साधन म्हणजे ट्रोव्ह, तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाची जुनी वर्तमानपत्रं, फुकट. सुरुवात १८९२ ला, कारण त्या सप्टेंबरात बेली आणि फोर्ड यांना कूलगार्डीत सोनं मिळालं. शेवट १९०३ ला, कारण त्या जानेवारीत मंडेरिंगच्या धरणाचं पाणी पाचशेहून जास्त किलोमीटर नळातून कॅलगुर्लीला पोचलं.

त्याआधी खारं पाणी लोखंडी टाकीत उकळायचं, वाफ नळीतून थंड करायची आणि गॅलनवर विकायची. असं पाणी हात धुवायला कोण घालवणार? त्यात माश्या, आणि संडासाच्या नावाने बोंब. कारणाच्या रकान्यात टायफॉइड इतक्यांदा आला की हल्ली नुसता ‘टा’ लिहितो. बरं वाटत नाही, पण बोटं दुखतात.

आता नासलं काय ते. उंटवाल्यांच्या, म्हणजे उंटांवरून माल वाहणाऱ्यांच्या, नोंदी मी आडनावावरून लावल्या होत्या. गोरे लोक सगळ्यांना ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांतले बरेच बलुचिस्तान, सिंध, पंजाबकडचे. त्यांना आडनाव कुठलं? छापणाऱ्याने ‘महोमेट’ लिहिलं, की ते आडनाव. एक दिवस बघतो तर एकाच माणसाला मी एकदा गोळीने आणि एकदा फासाने मारलेलं.

माणूस म्हणजे टाघ महोमेट. तो आणि त्याचा भाऊ फैज यांचा उंटांवरून मालवाहतुकीचा मोठा धंदा होता. उंट यायचे कराचीहून, आणि कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात. १० जानेवारी १८९६ ला कूलगार्डीच्या मशिदीत टाघ नमाज पढत असताना त्याच्यावर मागून गोळी झाडली गेली. झाडणारा गुलाम महोमेट, त्याला फ्रीमँटलच्या तुरुंगात फाशी झाली. मरणारा महोमेट, मारणाराही महोमेट, आणि मी दमलेल्या डोळ्यांनी दोन्ही ओळी एकत्र केल्या.

उपाय अगदी घरगुती निघाला. नाव मोठ्याने वाचायचं आणि देवनागरीत लिहायचं, असा वेगळा रकाना केला. टाघ, टॅग, ताज हे तीन माणसांसारखे दिसतात, कानाला मात्र तिन्हीतून ‘ताज महंमद’च ऐकू येतं. मग तारीख आणि गाव जुळवायचं. नुसत्या कानावर मात्र विसंबू नका, गुलाम नावाचे किती असतील! उंटवाल्यांच्या सगळ्या ओळी पुन्हा लावल्या. वीसेक दुबार निघाल्या. एरवी अर्ध्या दिवसात उरकणाऱ्या कामाला तीन शनिवार गेले.

मधे एकदा कूलगार्डीच्या दफनभूमीत जाऊन आलो. तिथेच अर्नेस्ट जाइल्स आहे. १८७५ च्या मोहिमेत सालेह नावाच्या उंटवाल्याला बरोबर घेऊन वाळवंट पार केलेला हा माणूस शेवटी कूलगार्डीत सरकारी कचेरीत कारकून होता, १८९७ च्या नोव्हेंबरात न्यूमोनियाने गेला. अफगाणांच्या कबरी बाजूला वेगळ्या. ताज महंमदचा दगड आहे, पण आजूबाजूला नुसती लाल माती आणि उंचवटे. एकेका उंचवट्यापाशी उभं राहून यादीतलं नाव लावायचा मोह होतो. मी नाही लावला.

परतताना कनोवनाला वाकडी वाट केली, कॅलगुर्लीपासून वीसेक किलोमीटर. भर काळात तिथे बारा हजार माणसं होती म्हणतात. आता एकही घर नाही. रेल्वेचा दगडी फलाट तेवढा आहे, रूळ नाहीत. कुठे हॉटेल होतं, कुठे काय, ते पाट्या सांगतात. मी फलाटावर बसून डबा खाल्ला आणि पोळीवर इतक्या माश्या आल्या की तो ‘टा’ चांगलाच आठवला.

कनोवनाच्या ओळी आता भरायला घेतल्यात. कुणाकडे मेंझिस या तिकडच्याच सोन्याच्या गावाच्या दफननोंदी उतरवलेल्या असतील तर कळवा. नावं मूळ स्पेलिंगसकट हवीत, कृपा करून सुधारून पाठवू नका.