प्लास्टरचा तडा

काकांच्या खालच्या जबड्यात पाच इम्प्लांट (हाडात रोवलेली कृत्रिम मुळं), त्यावर स्क्रूने बसवलेला अख्खा ब्रिज, म्हणजे कृत्रिम दातांची सलग रांग. काम दुसरीकडे झालेलं. स्क्रू सतत ढिले व्हायचे, एक तर तुटलाच. ‘तुम्ही फार कडक खाता’ असं ऐकून काका वैतागले होते. “डॉक्टर, मी मऊच खातो हो!”

एक्स-रेत हाड ठीक होतं. ब्रिज काढून साफ केला, परत ठेवला आणि फक्त डाव्या टोकाचा स्क्रू आवळला. उजव्या टोकाला ब्रिज उचललेला. प्रोबचं, म्हणजे तपासणीच्या बारीक सळईचं, टोक सहज आत गेलं. बाकीचे स्क्रू आवळत गेलो तशी फट मिटली. इथेच फसगत होते. पाचही आवळल्यावर कुणीही म्हणेल, झकास बसलाय. प्रत्यक्षात तो ओढूनताणून बसवलेला असतो. नैसर्गिक दात त्याला हाडाशी बांधणाऱ्या लिगामेंटमुळे २५ ते १०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) हलतो, म्हणून थोडं चुकलेलं माप सांभाळून घेतो. इम्प्लांट हाडाला घट्ट जुळलेला, जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन हलणार. मग ताण जातो स्क्रूवर.

काकांनी पिशवीतून तोंडाच्या मापावरून बनवलेलं जुनं मॉडेल काढलं. रुग्ण असं काही जपून ठेवतात तेव्हा मला फार बरं वाटतं. मॉडेलवर ब्रिज ठेवला, तीच एका स्क्रूची परीक्षा केली, तर भिंगाखालीही फट नाही. लॅबने हातात आलेल्या मॉडेलवर काम चोख केलं होतं. म्हणजे तोंड आणि मॉडेल यांचंच जुळत नव्हतं.

खात्रीसाठी त्याच मॉडेलवर इम्प्लांटवर स्क्रूने बसणारे पाच सिलिंडर बसवून ते इम्प्रेशन प्लास्टरने जोडले. प्लास्टर वाकत नाही. माप चुकलं की सरळ मोडतं. वाळल्यावर तो जिग, म्हणजे माप तपासायचा हा जोड, तोंडात बसवून एकेक स्क्रू हाताने फिरवू लागलो. चौथ्याला टक्कन आवाज आला. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधोमध तडा.

“काय मोडलं?” काकांनी घाबरून विचारलं.

“तुमचं काही नाही, काका. माप कुठे चुकलंय ते कळलं.”

नव्या मापासाठी माझी सहायक म्हणाली, “सर, स्कॅनच करू या ना.” एकदोन दातांसाठी मीही स्कॅनच करतो. पण स्कॅनर छोटी छोटी चित्रं जोडत पुढे जातो. दात नसलेल्या गुळगुळीत हिरडीवर त्याला खुणा कमी मिळतात आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चूक साचत जाते. शिवाय मागचे दोन इम्प्लांट तिरके. माप घ्यायच्या क्लोज्ड ट्रेमध्ये कोपिंग, म्हणजे इम्प्लांटची जागा मापात उतरवणारे तुकडे, तोंडातच राहतात, ती नंतर काढून मापात परत खोचावी लागतात. अशा केसमध्ये तेवढी जोखीमही मला नको असते.

ओपन ट्रे घेतला; त्यात कोपिंग मापाबरोबरच बाहेर येतात. कोपिंग रेझिनच्या पट्ट्यांनी आधीच मॉडेलवर जोडून, मधे कापून ठेवली होती. रेझिन घट्ट होताना आकसतं, आणि बरंचसं पहिल्या काही मिनिटांतच. म्हणून मोठा भाग आधीच आकसून गेलेला बरा. तोंडात फक्त बारीक चिरा भरायच्या. त्याआधी प्रत्येक कोपिंग नीट टेकलंय का, याचा एक्स-रे काढला. किरण इम्प्लांटला काटकोनात हवा, तिरका पडला तर फट झाकली जाते. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळणाऱ्याच्या मापावर माझा विश्वास नाही. मग पॉलिइथर हे माप घ्यायचं मटेरियल. ते कडक, कोपिंग हलू देत नाही; ट्रे काढताना मात्र जोर लागतो आणि काकांनी खुर्चीचा हात आवळून धरला.

नव्या मॉडेलवर पुन्हा प्लास्टरचा जिग केला. पाचही स्क्रू बसले, तडा नाही.

“जुना ब्रिज फेकायचा का मग?” काकांचा प्रश्न रास्त होता, पैसे त्यांनीच मोजले होते. धातूची चौकट चांगली होती. टेक्निशियनला फोन करून सांगितलं: वरचं अ‍ॅक्रिलिक उतरवा, तिसऱ्या-चौथ्याच्या मधे चौकट कापा, नव्या मॉडेलवर लेझरने जोडा आणि दात लावण्याआधी नुसती चौकट माझ्याकडे पाठवा.