आमची वाटचाल : टोमॅटोच्या रोपांपासून पाणवनस्पतींपर्यंत

निफाड तालुक्यात नर्सरी म्हटलं की टोमॅटो, कोबी, मिरचीची रोपं, आम्हीपण तेच करायचो. पण जवळच नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्य, रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळालेलं राज्यातलं पहिलं ठिकाण, तशी घोषणा २०२० मध्ये झाली, त्यामुळे थंडीत पक्षी बघायला येणाऱ्यांची गर्दी, आणि त्यातले काहीजण विचारायचे की आमच्या फार्महाऊसच्या तळ्यावर पक्षी का येत नाहीत? तळं बघायला गेलो की कळायचं, चारी बाजूंनी दगडी पिचिंग, पाणी एकदम खोल आणि काठावर लॉन. पक्ष्याने बसायचं कुठे आणि खायचं काय!

नांदूरमधमेश्वरला बंधाऱ्यामागे गाळ साचून पाणी उथळ झालं, त्यात पाणकणीस, लव्हाळे माजले, म्हणून तर तिथे एवढे पक्षी. मग आम्ही हीच देशी झाडं वाढवायला घेतली. बियाणं, कंद अभयारण्यातून अजिबात आणत नाही, ओळखीच्या शेतकऱ्यांच्या नाल्यातून, पाझर तलावातून विचारून आणतो.

सगळ्यात जास्त समजवावं लागतं ते पाणकणसाबद्दल. लोकांना ते गवत वाटतं, पण जांभळी पाणकोंबडी त्याचे कोवळे कोंब खाते आणि त्याच दाटीत घरटं करते, टाचण्या (चतुरासारखेच पण बारीक अंगाचे कीटक) पाणवनस्पतींच्या देठात अंडी घालतात, चतुराची अळी पाण्यातून देठावर चढून तिथेच कात टाकते आणि उडून जाते. डास होतील म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो, पाण्यात असताना चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात. फक्त पाणकणीस पसरतं फार, त्यामुळे लहान तळ्यात आम्ही ते टबातच लावून देतो. कुमुदिनीची मागणी फुलांसाठी असते, पण तिच्या पानांवरून कमळपक्षी चालतो, अंडी तरंगत्या पाला-पानांवर असतात आणि ती उबवतो नर! काटेरी तालीमखाना तर कोणी मागतच नाही, आम्ही सोबत चार रोपं अशीच देतो, मयूर भिरभिरी फुलपाखरू त्यावर अंडी घालतं.

जलपर्णी मागणारे अजून येतात, फुलं छान दिसतात म्हणून. ती दक्षिण अमेरिकेतली, बघता बघता पूर्ण पाणी झाकते, खाली ऑक्सिजन कमी पडून मासे मरतात, कितीही पैसे दिले तरी आम्ही देत नाही.

आता प्लास्टिक कागदाच्या शेततळ्यांवर काम चाललंय. कागदावर काही रुजत नाही आणि आत पडलेल्या प्राण्याला वर चढता येत नाही, म्हणून शेजारी उताराचा उथळ खड्डा काढून त्यात लव्हाळा, वेखंड आणि काठाला वाळुंजाच्या फांद्या लावतोय.