बुधवारची सभा

मी दौंडची. चेल्टनहॅमला येऊन आता पाच वर्षं झाली आणि दोन वर्षांपासून मी इथल्या एका प्राथमिक शाळेत टीए आहे, वर्गशिक्षिकेच्या हाताखाली मुलांना मदत करणारी. शाळा चर्च ऑफ इंग्लंडची. आपल्याकडे अशा शाळा म्हटलं की फी आणि डोनेशन आठवतं. इथे या शाळा सरकारी पैशावर चालतात, फी नाही. इंग्लंडमधल्या सरकारी प्राथमिक शाळांपैकी साधारण चौथा हिस्सा चर्च ऑफ इंग्लंडशी जोडलेला आहे.

एकदा डबा खाताना मी आमच्या हेडबाईंना सहज म्हटलं, की आमच्या तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, म्हणजे बायकांचा आश्रम, आहे आणि त्या रमाबाई तुमच्या याच गावात शिकल्या, शिकवूनही गेल्या. बाईंनी चमचा खाली ठेवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पुढच्या बुधवारची प्रार्थनासभा तुमची.

मी घाबरलेच. मी घरी गणपती बसवणारी, मेणबत्ती लावून सुरू होणाऱ्या सभेत कशी बोलणार? त्या म्हणाल्या, गोष्ट तुमच्या गावची आहे, मी सांगितली तर ती अर्धीच होईल. नुसतं म्हणून थांबल्या नाहीत. मला तयारीला वेळ मिळावा म्हणून दोन दुपारी माझा फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांचे आवाज शिकणाऱ्या मुलांचा, गट त्यांनी स्वतः घेतला. दारातून पाहिलं तर बाई पाच वर्षांच्या मुलांच्या खुर्चीत, गुडघे छातीशी, 'श' आणि 'च'चे आवाज काढत बसलेल्या.

त्या दोन दुपारी मी रमाबाई पुन्हा वाचल्या. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला आल्या त्या डॉक्टर व्हायला, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते जमलं नाही. १८८४ ते १८८६ त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये होत्या. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बीलबाई रमाबाईंच्या बाजूने उभ्या राहिल्या. रमाबाईंनीही ठणकावून लिहिलं, की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी असा आक्षेप घेतला नव्हता. बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांच्या मनातले धर्माविषयीचे प्रश्न थांबले नव्हते. बीलबाईंनी ते दाबले नाहीत, पत्रांतून त्यांच्याशी वाद घातला, विचार केला. मला वाटतं, परक्या मुलखात लहान मुलगी सांभाळणाऱ्या त्या तरुण विधवेला याहून मोठा आधार कुठला मिळाला असता?

पुढे केडगावला रमाबाईंनी तसाच आधार इतर बायकांना दिला. आश्रमातल्या बायका शेती करायच्या, विणायच्या, छापखान्यात खिळे जुळवायच्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल त्याच छापखान्यात तयार झालं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण छापून निघाला.

बुधवारी मेणबत्ती लागली. दीडएकशे मुलं हॉलमध्ये मांडी घालून बसलेली. मी फळ्यावर 'मुक्ती' लिहिलं. मागच्या बाकावर बसलेल्या हेडबाईंनी डायरी काढून ते अक्षर अक्षर पाहून उतरवलं, वेलांटी दोनदा खोडून. एका मुलीने विचारलं, रमाबाईंची मुलगी शाळेत मराठी बोलायची का? उत्तर मला ठाऊक नव्हतं. बाई मागून म्हणाल्या, आपण दोघी शोधू. परवा लायब्ररीतून त्या पत्रांचं पुस्तक मागवलंय, त्यांच्याच कार्डावर.

पुढच्या बुधवारी स्वयंपाकघरातल्या पोलिश बाई त्यांच्या गावच्या नाताळाविषयी बोलणार आहेत. त्यांना बटाटे सोलायला वेळ मिळणार नाही, म्हणून हेडबाईंनी आजच एप्रन मागून ठेवलाय.