पाच ओळी मोकळ्या

‘शाळेने तुम्हाला काय दिले?’ या प्रश्नावर लिहा, असं शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त संपादक मंडळाचं पत्र आलं. संस्कार वगैरे इतरांनी लिहिले असतीलच. शाळेने दिलेली एक वस्तू माझ्याकडे खरोखरच आहे, तिच्याबद्दल लिहिते. नववीतल्या निबंधाच्या वहीतलं ते एक जोडपान. लाल शाईने इतकं भरलेलं की आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, “कुंकू सांडलं का गं?”

१९९१-९२ चं साल. गॅदरिंगच्या आधी मराठीच्या सरांनी एक स्पर्धा लावली. तालुक्यातल्या एका हयात व्यक्तीला मानपत्र लिहायचं. फळ्यावर ‘हयात’ या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या, कारण आदल्या वर्षी निम्म्या वर्गाने शिवाजी महाराजांना मानपत्र दिलं होतं आणि उरलेल्यांनी सईबाईंना, फलटणची लेक म्हणून.

मी निवडले विंचुर्णीचे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी. निवडीमागे फार विचार नव्हता. विंचुर्णी आमच्यापासून सायकलच्या अंतरावर, आणि ‘तिथं एक लई मोठा बोटीवरचा साहेब राहतो’ असं घरात बोलणं व्हायचं. सातारा जिल्ह्यात पलटणीतल्या माणसाचं अप्रूप नाही. आमच्या आळीतच तिघे निवृत्त सुभेदार होते आणि गाव तिघांनाही ‘मेजर’ म्हणायचं. पण आरमार? नीरा उजव्या कालव्याला पाणी सुटलं की आमचा समुद्र सुरू व्हायचा आणि आवर्तन संपलं की आटायचा. अशा तालुक्यात आरमाराचा एवढा मोठा माणूस येऊन राहतो, याचंच मला नवल वाटलं.

त्यांना भेटायला मात्र गेले नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर अशा लेखात ‘त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला’ असं वाक्य येईल म्हणून वाचणारे वाट बघत बसतात.

मानपत्र मी एका बैठकीत लिहिलं. घरात आजोबांच्या सत्काराचं, ते ग्रामपंचायतीचे सरपंच असतानाचं, चौकटीतलं मानपत्र भिंतीवर होतं. त्यातली वाक्यं उचलली आणि ‘शेतीनिष्ठ’च्या जागी ‘समरधुरंधर’ घातलं. नररत्न, रणझुंजार, सागराचा छावा, मातृभूमीचा निधडा सुपुत्र, धीरोदात्त, निगर्वी. शेवटी ‘आपणांस उदंड आयुरारोग्य लाभो हीच ईशचरणी प्रार्थना’. अक्षर चांगलं होतं. चारी बाजूंनी वेलबुट्टी काढली होती. ‘व्हाइस’ हा शब्द मला खटकला म्हणून मी त्याचं मराठी केलं होतं, उप-अ‍ॅडमिरल. व्हाइस प्रिन्सिपॉल म्हणजे उपप्राचार्य, तसंच.

सरांनी वही परत दिली तेव्हा सव्वीस विशेषणं खोडलेली होती. मोजून, शेवटी आकडा घातला होता. खाली लिहिलं होतं, “नाव बदलून हे आपल्या सभापतींना देता येईल काय? येईल. मग हे आवटींचे नव्हे.”

मी रडकुंडीला आले. सर म्हणाले, “अगं, शूर म्हणतेस ना? मग कुठल्या साली, कुठल्या जहाजावर, काय केलं ते लिही. ते लिहून झाल्यावर ‘शूर’ लिहावंसं वाटलं तर मला विचार.”

आता ही माहिती आणायची कुठून? शाळेच्या ग्रंथालयातल्या कपाटात जहाज म्हणून एकच वस्तू होती, भूगोलाच्या तक्त्यावरचं. पण माझे एक मामा मुंबईला नेव्हल डॉकयार्डात फिटर होते आणि नाताळच्या सुट्टीत आले होते. आवटी हे नाव काढल्याबरोबर त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या माणसाचं नाव ऐकून दुसऱ्याला सरळ बसताना पाहिलं.

मामांनी सांगितलं ते मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर टिपून घेतलं. १९७१ चं युद्ध. आवटी तेव्हा ‘कामोर्टा’ जहाजाचे कॅप्टन. कामोर्टा हे निकोबारमधल्या एका बेटाचं नाव, जहाज रशियाहून आलेलं, पाणबुड्यांवर पाळत ठेवण्यासाठी बांधलेलं. पूर्वेच्या आरमारात ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका होती, पण तिचा एक बॉयलर निकामी झालेला आणि वेग त्यामुळे कमी. अशा जायबंदी नौकेच्या अंगासभोवती राहून, पाणबुड्या आणि सुरुंग यांची टांगती तलवार असताना बंगालच्या उपसागरात पूर्व पाकिस्तानची नाकेबंदी करायची. विक्रांतवरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्सबझार गाठलं ते ४ डिसेंबरला. या मोहिमेतल्या कामगिरीसाठी आवटींना वीरचक्र मिळालं. मामा फिटर, त्यामुळे त्यांचा सगळा जीव त्या बॉयलरमध्ये अडकलेला. “वाफ कमी असताना जहाज लढाईला काढणं म्हणजे काय, तुला कळायचं नाही,” असं ते तीनदा म्हणाले. मला खरंच कळलं नाही, पण लिहून घेतलं.

पुढे आवटी खडकवासल्याच्या एनडीएचे, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, प्रमुख झाले, मग मुंबईत पश्चिम नौदल कमानीचे सर्वोच्च अधिकारी, आणि १९८३ साली निवृत्त. १९७८ मध्ये आरमाराचा इतिहास गोळा करणारी एक संस्था त्यांनी मुंबईत सुरू केली होती, हेही मामांकडूनच कळलं. ‘उप’ काढून टाक, असंही त्यांनी बजावलं.

“मला जाता येईल का बोटीवर?” मी विचारलं होतं. मामा हसले. “मुली घेत नाहीत.” त्या वर्षी ते खरंच होतं. पुढच्याच वर्षी, १९९२ ला, नौदलाने काही शाखांमध्ये पहिल्यांदा महिला अधिकारी घेतल्या. आम्हाला हे कळायला बरीच वर्षं गेली.

दुसरं मानपत्र पहिल्याच्या अर्धंच झालं. वेलबुट्टी काढायला वेळ उरला नव्हता. जन्म १९२७, सुरत. डार्टमाउथच्या नौदल कॉलेजात शिक्षण. कामोर्टा, बॉयलर, वीरचक्र. एनडीए, मुंबई, निवृत्ती. शेवटी मी लिहिलं, ‘अशा प्रकारे देशसेवा पूर्ण करून आपण विंचुर्णीस विसावला आहात.’

सरांनी यावेळी एकच शब्द खोडला: ‘पूर्ण’. आणि ‘विसावला’खाली रेघ मारून समासात प्रश्नचिन्ह. मी विचारायला गेले तर म्हणाले, “वय काय त्यांचं?”

“चौसष्ट.”

“मग खाली पाच ओळी मोकळ्या सोड. माणूस हयात आहे. फळ्यावर लिहिलं होतं ना मी?”

मला वाटलं, पेन्शनीत गेलेल्या माणसाचं आता काय लिहायचं असतं? बागेला पाणी, सकाळचा फेरफटका, झेंडावंदनाला प्रमुख पाहुणे. पण सरांपुढे बोलायची टाप नव्हती. पट्टीने पाच ओळी आखल्या आणि कोऱ्या ठेवल्या. स्पर्धेत नंबर आला नाही. परीक्षकांनी शेरा मारला, ‘मानपत्र अपूर्ण वाटते’. पहिलं बक्षीस वर्गातल्या एका मुलाने एस. टी.च्या कंडक्टरकाकांना दिलेल्या मानपत्राला मिळालं. मुक्कामाच्या गाडीचे कंडक्टर पहाटे परीक्षेच्या मुलांना कसे हाका मारून उठवायचे, त्याचं होतं ते. आज वाचलं तरी मी त्यालाच पहिलं देईन.

मध्ये अठरा वर्षं गेली. शिक्षण, बँकेची नोकरी, लग्न, बदल्या. त्यातली एक बदली पणजीला झाली आणि मी अखेर समुद्राच्या काठी राहायला आले. २००९ च्या ऑगस्टमध्ये बँकेत बसल्या बसल्या वर्तमानपत्रात वाचलं: नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे शिडाच्या होडीतून एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. अशी प्रदक्षिणा तोवर एकाही भारतीयाने केली नव्हती. होडीचं नाव ‘म्हादेई’, बांधलेली आमच्या समोरच, मांडवीतल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात. मांडवीचंच वरच्या अंगाचं नाव म्हादेई. आणि खाली एक ओळ: ही मूळ कल्पना निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची.

मी बातमी दोनदा वाचली. एक्क्याऐंशी वर्षांचे आवटी!

त्या रविवारी फेरीने दिवाडीला गेले. कारखान्याचं फाटक बंद होतं. आत शेडमध्ये एका होडीचा अर्धा सांगाडा पालथा दिसत होता, माशाची पाठ असावी तसा, आणि कुठेतरी पॉलिशपेपर घासल्याचा आवाज. रविवार असूनही. रेझिनचा उग्र वास नाकात घेऊन मी परत आले. इथंच छप्पन्न फुटांची ती होडी उभी राहिली होती, यापेक्षा जास्त काही पाहायला मिळालं नाही, आणि त्याची हुरहुरही वाटली नाही.

नंतर जमेल तसं वाचत गेले. आवटींचा हट्ट साधा होता: भारतात बांधलेल्या होडीत, एकट्या भारतीयाने, शिडावर जग फिरून यायचं. १९६९ साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने कुठेही न थांबता एकट्याने पहिली प्रदक्षिणा केली, त्याची ‘सुहेली’ होडी मुंबईत बांधलेली होती. होडी आपली, सुतार आपले, आणि खलाशी मात्र कुणी दुसरा. ही सल ज्याला लागते त्याला पेन्शनीत स्वस्थ बसवत नसावं. नौदलाने योजना हाती घेतली, २००६ मध्ये दोंदे पुढे आले, त्यांनी त्याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे काही काळ शिकून घेतलं. होडीच्या मापापासून शिडाच्या दोरापर्यंत सगळंच इथे पहिल्यांदा होत होतं. चार बंदरं घेत, नऊ महिन्यांनी, मे २०१० मध्ये दोंदे मुंबईला परतले.

त्या रात्री मी ट्रंकेतून वही काढली. पहिली मोकळी ओळ भरली.

दुसरी ओळ अभिलाष टॉमी यांची. १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून त्याच म्हादेईतून निघाले आणि ३१ मार्च २०१३ ला मुंबईतच आले, मध्ये एकाही बंदराला न लागता, कुणाची मदत न घेता. दीडशे दिवस. ते टीव्हीवर बघताना मला, का कोण जाणे, मुक्कामाच्या एस. टी.तले ते कंडक्टरकाका आठवत होते.

तिसरी ओळ लिहिताना हात थोडा थरथरला. १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून ‘तारिणी’ निघाली. होडीवर सहाच्या सहा नौदलातल्या महिला अधिकारी, कप्तान लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी. २१ मे २०१८ ला त्या गोव्यात परत आल्या. दिवाडीलाच बांधलेली होडी. “मुली घेत नाहीत” म्हणणारे मामा तेव्हा ऐंशीला टेकले होते. त्यांना फोन केला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “इंजिन कुठलं बसवलंय?” शिडावर जातात हो मामा, म्हटलं. “तरी पण असतं एक लहानसं,” म्हणाले. बरोबर होतं त्यांचं.

चौथी ओळ मला लिहायची नव्हती. त्याच २०१८ च्या जुलैत टॉमी पुन्हा एकटे निघालेले, सुहेलीच्या नमुन्यावर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’तून, जुन्या काळच्या साधनांनिशी व्हायच्या शर्यतीत. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. पुढे दीड महिना झाला नाही तोच, ३ नोव्हेंबरला, आवटी विंचुर्णीत गेले. वय एक्क्याण्णव.

नियमाप्रमाणे इथे मानपत्र बंद व्हायला हवं होतं. ‘हयात’ची अट संपली होती. सरही तोवर राहिले नव्हते, विचारणार कुणाला. पाचवी ओळ कोरीच ठेवून मी वही मिटली.

ती २०२३ मध्ये भरली. पाठीचा कणा दुरुस्त करून टॉमी त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि दुसरे आले. हे आवटींच्या मानपत्रात कसं, असं कुणी विचारेल. मी सरांचा निकष लावला: साल, होडी, काय केलं ते लिही, आणि त्याची सुरुवात कुठून झाली ते बघ.

आणि गेल्या वर्षी जागाच संपली. ऑक्टोबर २०२४ ला रूपा आणि दिलना या दोघी नौदल अधिकारी, दोघीच, तारिणीवरून निघाल्या आणि मे २०२५ अखेर गोव्यात परत आल्या. पाच ओळी भरलेल्या. मग समासात लिहिलं, आडवं, वही फिरवून, जिथे सरांचं प्रश्नचिन्ह आहे त्याच्या अगदी शेजारी. शाई निळी आहे, त्यामुळे ओळखू येईल.

सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनात जुन्या वह्या मांडणार आहेत असं कळलं, म्हणून हे जोडपान पाठवते आहे. संयोजकांना एकच विनंती. काचेखाली ठेवा, पिना मारा, काहीही करा, पण लॅमिनेट करू नका. त्यावर मग लिहिता येत नाही.