कुलूपबंद पेटी आणि दोन लिप्यांचा नकाशा

आज छत्रपती संभाजीनगर येथे शालेय शैक्षणिक साधनांवर आधारलेले एक कलाप्रदर्शन पाहिले. मणिपाटी, पृथ्वीगोल, बाराखडीचे तक्ते अशा ओळखीच्या वस्तूंमधून कलाकारांनी मांडणशिल्पे उभी केली आहेत. सर्वाधिक वेळ मी हैदराबाद संस्थानाच्या नकाशावर बेतलेल्या कलाकृतीसमोर थांबलो. सप्टेंबर १९४८पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि तेथील शिक्षणात उर्दूचे वर्चस्व होते; त्यामुळे उर्दू आणि मराठी अक्षरे एकमेकांवर छापून कलाकाराने घरी मराठी बोलणाऱ्या व शाळेत दुसऱ्याच भाषेत भूगोल पाठ करणाऱ्या मुलांची ओढाताण नेमकी पकडली आहे, असे मला वाटते.

१९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेत प्राथमिक शाळांना किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक साधने द्यायचे ठरले होते. तशा साधनांची पेटी येथे कुलूप लावून मांडली आहे. साहित्य मोडेल या धास्तीने ते कपाटातच जपणाऱ्या शाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्यातला टोमणा समजावून सांगावा लागत नाही. (माझ्या मते तो शिक्षकांना नव्हे, मोडतोडीचा हिशेब मागणाऱ्या व्यवस्थेला आहे.) चित्रफितींचे दालन मात्र फिके वाटले. ‘वस्तूंना हात लावू नये’ ही सूचना निदान या प्रदर्शनातून तरी काढावी, असे मी अभिप्रायवहीत लिहिले आहे.